वन्संचं काचेचं कपाट

"आधी हातातल्या बांगड्या काढ, मग कपाटाला हात लाव," वन्सं म्हणाल्या.

मी दचकलेच. २०२३ च्या मे महिन्यात मी फ्रान्समधल्या नान्सी गावी थोरल्या नणंदेकडे गेले होते. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा उजवा हात मनगटात मोडला होता आणि प्लॅस्टर सहा आठवडे ठेवायचं होतं. माझी शाळेतली नोकरी अर्धवेळ, त्यातून उन्हाळ्याची सुट्टी, मुलं सासूबाईंजवळ राहायला एका पायावर तयार. तेव्हा ह्यांनीच तिकीट काढून दिलं. पोळ्या लाटायच्या, वन्संची वेणी घालायची, धुणं-भांडी पाहायची, एवढी मनाची तयारी करून मी गेले होते. काचेच्या कपाटाची कुणी कल्पना दिली नव्हती.

दिवाणखान्यातल्या त्या कपाटात एकोणतीस नग आहेत. फुलदाण्या, वाडगे, दोन दिवे, एक अत्तराची बाटली, काचेचे दोन मासे. सगळं फ्रान्समधलंच आणि बहुतेक शंभर वर्षांपूर्वीचं. आपण दिवाळीआधी डबे घासायला काढतो, तसं दर मे महिन्यात हे सगळं धुवायचं असा वन्संचा नेम. या वर्षी हात गळ्यात बांधलेला. भावोजींना त्या कपाटाला शिवायची बंदी. कारण २०१५ साली त्यांच्या हातून एक वाडगा फुटला होता. (ही हकिगत मला पहिल्याच दिवशी दोघांनीही वेगवेगळी सांगितली, आणि दोन्हींत दोष वेगवेगळ्या माणसाचा होता!) तेव्हा राहिले मी.

सोन्याच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवली. हिरव्या काचेच्या काढायला मात्र मन होईना. वन्सं हसल्या, भावोजींचा एक जुना सुती सदरा दिला. त्याच्या बाह्या पंजापर्यंत ओढून वरून रबर बँड लावला. माझ्या बांगड्याही राहिल्या आणि त्यांची काचही.

धुण्याची रीत सांगते, कारण आपल्याकडच्या नाजूक काचेलाही ती लागू पडते. सिंकच्या तळाशी जाड टॉवेल दुमडून घालायचा आणि नळाची तोटी बाजूला फिरवून ठेवायची. पाणी जेमतेम कोमट, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. एका वेळी एकच नग. दोन कधीही नाही. मानेला धरून उचलायचं नाही, खाली हात देऊन पोटाशी धरायचं. खाचाखोचांना दाढीचा मऊ ब्रश. गरम पाणी का नको? तर ही काच एकावर एक थर चढवलेली असते. प्रत्येक थर उष्णतेनं सारखा फुगत नाही, आणि एकदम गरम पाणी पडलं की तडा जातो. भांडी धुण्याच्या यंत्रात घातलेल्या चांगल्या फुलदाण्या आंधळ्या होऊन बाहेर येतात, असं वन्सं म्हणतात. तळाशी पाण्याचा पांढरा क्षार बसला असेल, तर पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून अर्धा तास ठेवावं. पण सोनेरी काम किंवा मिना असेल तिथे व्हिनेगरचं नावही काढू नये. आणि या फुलदाण्यांत फुलं ठेवायची नाहीत. पाणी साठलं की डाग आलाच. एकोणतीस नगांतल्या निम्म्या फुलदाण्या, आणि वन्संच्या घरात फुलं मात्र प्लॅस्टिकच्या बादलीत!

पहिल्या दिवशी चार नग धुतले आणि माझी पाठ भरून आली. दुसऱ्या दिवसापासून मात्र गोडी लागली. हात ओला असताना वन्सं शेजारी स्टुलावर बसून सांगायच्या. मी इतिहासाची बी.ए., शाळेत सातवी-आठवीला तोच विषय शिकवते. पण हा इतिहास मला ठाऊक नव्हता.

नान्सी हे लोरेन प्रांतातलं गाव. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, आणि अल्सास व लोरेनचा काही भाग जर्मनीनं घेतला. नान्सी फ्रान्सकडेच राहिलं. सरहद्द जवळ आली, आणि जर्मन अमलाखाली राहायचं नाही म्हणून कितीतरी कुटुंबं बिऱ्हाड उचलून या गावी आली. त्यांत बिच गावचे झां दोम नावाचे एक गृहस्थ होते. पेशानं नोटरी. काचेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. एका काच-कारखान्याला त्यांनी पैसे कर्जाऊ दिले, कारखाना काही ते फेडू शकला नाही, आणि १८७८ साली तो कारखानाच त्यांच्या गळ्यात पडला. तिथे तेव्हा घड्याळांच्या काचा आणि साधी काचसामग्री होत असे. पुढे ओग्युस्त आणि आंतोनँ या मुलांनी त्यातून जे उभं केलं, त्या 'दोम' काचेसाठी आज जगभरचे शौकीन धावतात. सहीपाशी लोरेनचा दोन आडव्या पट्ट्यांचा क्रूस असतो. बुडीत कर्जातून इतकं निघालेलं मी तरी दुसरं पाहिलं नाही.

पण वन्संचा खरा जीव एमिल गालेवर. हा १८४६ सालचा, नान्सीचाच. वडिलांचा काच आणि चिनीमातीच्या वस्तूंचा व्यापार. मुलाला वेड वनस्पतिशास्त्राचं. गावच्या उद्यान-मंडळाचं काम त्यानं वर्षानुवर्षं केलं, आणि जी झाडं-फुलं हातात घेऊन अभ्यासली तीच काचेवर उतरवली. राजवाड्यातले गुलाब नव्हेत; रानातली. आपल्या शेपूला फुलोरा येतो ना, छत्रीसारखा, तसल्या रोपाचे तुरे, काटेरी बोंडं, चतुर, पतंग. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या काचेला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. १९०१ साली नान्सीच्या कारागिरांची संघटना निघाली, तिचा तो पहिला अध्यक्ष.

त्या काचेची करणी मला बाटिकवरून कळली. शाळेत हस्तकलेच्या तासाला आम्ही कापडावर मेण लावून रंगात बुडवतो. मेण असेल तिथे रंग लागत नाही. इथे नळीवर तापलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, त्यावर दुसऱ्या रंगाची काच, मग तिसरी, आणि फुंकून आकार द्यायचा. निवल्यावर नक्षी राखायची तिथे डांबरासारखा लेप द्यायचा आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये बुडवायचं. उघडी काच ॲसिड खातं, लेपाखालची उरते. पुन्हा लेप, पुन्हा ॲसिड. असं करत करत एकाच पानाचा देठ जाड, कडा विरळ आणि मागचं पान धुक्यातल्यासारखं पुसट दिसू लागतं. उंची नग चाकावर हातानं कोरलेले असत. बोट फिरवलं की पायऱ्या लागतात. तुम्ही डोळे मिटून बोट फिरवा, असं वन्सं सांगत. ओल्या हाताला तर ते फारच छान कळतं.

एका रविवारी आम्ही दोघी नान्सीच्या शाळेच्या संग्रहालयात गेलो. 'शाळा' म्हणजे त्या कारागिरांची परंपरा. मुलं शिकतात ती शाळा नव्हे. एक जुना बंगला आहे, १९६४ पासून त्यात हे संग्रहालय. तिथे गालेचा अळंबीचा दिवा आहे. तीन अळंब्या: एक कोंब, एक अर्धी उघडलेली, एक पुरती छत्री पसरलेली. पावसाळ्यात उकिरड्याशेजारी आपण जिला पायानं उडवतो, तीच! मी त्या दिव्यापुढे इतका वेळ उभी राहिले की वन्संना खुर्ची शोधावी लागली. दोमची काच पाहायची तर स्तानिस्लास चौकातल्या कलासंग्रहालयाच्या तळघरात जावं लागतं. गावच्या जुन्या तटबंदीचे दगड आणि त्यांच्यामध्ये शेकडो फुलदाण्या. खरं सांगायचं तर तासाभरानं मला सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या. पाय दुखत असतील तर आधी चहा घ्यावा आणि मग तळघरात उतरावं.

परत येताना वन्संनी आंरिएतची गोष्ट सांगितली. एमिल गाले १९०४ साली ल्युकेमियानं गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. मागे बायको आणि चार मुली. कारखाना बंद पडेल असंच सगळ्यांना वाटलं असणार. आंरिएत एका पाद्र्याची मुलगी. नवऱ्याच्या आयुष्यभर त्याचा पत्रव्यवहार, पै-पाहुणा, हिशेब पाहत आलेली. तिनं कारखाना हातात घेतला आणि १९१४ साली डोळे मिटेपर्यंत चालवला. पुढे प्राध्यापक जावयानं तो सांभाळला, आणि १९३० नंतरच्या मंदीत तो बंद झाला. नवरा गेल्यानंतर काही काळ निघालेल्या वस्तूंवर 'गाले' या सहीशेजारी एक बारीक चांदणी आहे. स्वतः मालकानं पाहिलेला माल आणि त्याच्या मागचा माल यांत फरक कळावा म्हणून. व्यापारी त्या चांदणीवरून साल ठरवतात, आणि काही हौशी लोक चांदणीवाला नग थोडा कमी मानतात. वन्संचं उलट आहे. त्या गेली कित्येक वर्षं चांदणीच शोधताहेत. अजून परवडेल अशी मिळालेली नाही.

हे सगळं जमवायला पैसे कुठून आणले, हा प्रश्न तुमच्याप्रमाणे माझ्याही ओठांवर होता. वन्सं आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवतात. ते पैसे वेगळ्या डब्यात. फ्रान्समध्ये उन्हाळा लागला की गावोगाव माळे रिकामे करण्याचे बाजार भरतात. रस्त्यावर टेबलं मांडून लोक घरातलं जुनं विकतात. पहिला वाडगा वन्संनी तिथेच घेतला, काठाचा टवका उडालेला, ८ युरोंना. मोठी नावं तिथे सहसा मिळत नाहीत. लग्रा, श्नायडर अशा कारखान्यांची काच मात्र नशीब असेल तर मिळते. श्नायडरच्या सुरुवातीच्या काही नगांवर सहीऐवजी लाल-पांढरी-निळी पिळाची काचेची काडी बुडाजवळ बसवलेली असते. अगदी आपल्या लाखेच्या बांगडीवरच्या पिळासारखी. ज्याला माहीत नाही तो तो डाग समजतो आणि स्वस्तात देऊन टाकतो.

मीही १२ युरोंना एक चिमणी घेतली, साबिनोची. दुधासारखी निळसर काच, उजेडाकडे धरली की मधासारखी पिवळी. या दुधी काचेतला राजा रने लालिक. हा मुळात दागिने घडवणारा. कोटी नावाच्या अत्तरवाल्यासाठी बाटल्या करता करता काचेकडे वळला, आणि साच्यातून काच काढून ती मध्यमवर्गाच्या घरापर्यंत नेली. तो १९४५ साली वारला. त्याच्या हयातीतल्या वस्तूंवर नावाआधी 'आर' हे अक्षर आहे, नंतरच्यांवर नाही. साहजिकच लबाड लोक नंतरच्या वस्तूंवर मागाहून 'आर' कोरतात. लालिकच्या खोलगट भागात कधीकधी रंगाचा हलका हात दिलेला असतो. तो मळ समजून घासला तर गेला कायमचा. तसं घासलेलं एक ताट वन्संनी मला बाजारात दाखवलं, इतकं लख्ख की कीव यावी.

त्याच बाजारात वन्संनी मला 'टिप'ही समजावून दिली. रुमानियात गेली काही दशकं गालेच्या धर्तीवर थरांची काच बनते. रुमानियन भाषेत 'टिप' म्हणजे 'प्रकारची', 'धर्तीची'. तिथले कारागीर प्रामाणिकपणे 'गाले' आणि शेजारी 'टिप' असं लिहितात, आणि ती काचही काही वाईट नसते. पण मधला कुणीतरी ती तीन अक्षरं घासून टाकतो आणि उरतं नुसतं 'गाले'. ओळखायचं कसं? सहीच्या जवळ बोट फिरवायचं. घासलेल्या जागी किंचित खोलगट, गुळगुळीत लागतं. शिवाय बऱ्याच नकलांत ॲसिडचं काम एकाच दमात केलेलं असतं. नक्षी सगळी एका उंचीची, पायऱ्या नाहीत. आणि जुन्या वस्तूच्या बुडाला वर्षानुवर्षं टेबलावर सरकून आडवेतिडवे बारीक ओरखडे पडतात. सँडपेपरनं पाडलेले सगळे एका दिशेचे असतात.

त्या रात्री मला झोप आली नाही.

कारण चार दिवसांपूर्वी मी वन्संची सर्वांत लाडकी फुलदाणी धुतली होती. वीतभर उंच, पिवळ्यावर जांभळी, चतुर आणि पाणवनस्पती. त्यांची पहिली 'गाले'. कपाटात मधल्या फळीवर, दिव्याखाली. सहीशेजारी माझा अंगठा किंचित घसरला होता. तेव्हा मला वाटलं, साबण राहिला असेल.

सकाळी वन्सं आंघोळीला गेल्यावर मी चोरासारखं कपाट उघडलं. (बांगड्या सदऱ्यात घालून!) बोट फिरवलं. गुळगुळीत. चतुराचे पंख आणि पाणवनस्पती एकाच उंचीचे. बूड पाहिलं, तर ओरखडे विंचरल्यासारखे.

आता सांगायचं कसं? मी धाकटी भावजय, त्यांच्या घरी पाहुणी, काचेतली चार आठवड्यांची शहाणी. त्या अकरा-बारा वर्षांच्या. गप्प बसावं, तर त्या कधीतरी ती विकायला काढणार आणि परक्यापुढे मान खाली जाणार. दोन दिवस मी मीठ कुठे ठेवलं ते विसरत होते. तिसऱ्या दिवशी त्यांची वेणी घालताना मागे उभं राहून, म्हणजे तोंड दिसत नव्हतं तेव्हा, म्हटलं, "वन्सं, रागावू नका, पण त्या जांभळ्या फुलदाणीवरून एकदा डोळे मिटून बोट फिरवाल का?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला चार वर्षांपूर्वीच शंका आली होती गं. तेव्हापासून मी तिच्या त्या बाजूला बोट नेतच नाही."

मग सगळं बाहेर आलं. २०१३ सालची खरेदी, एका बाजारातल्या बोलघेवड्या विक्रेत्याकडून, ६५० युरो. तेव्हा 'टिप' त्यांनी ऐकलीही नव्हती. ते पैसे गणपतीला घरी यायच्या तिकिटाचे होते. "रजा मिळाली नाही असं मी कळवलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. मला ते साल चांगलं आठवतं. सासूबाईंनी त्यांच्यासाठी मेतकूट करून ठेवलं होतं, आणि दिवाळीपर्यंत तो डबा कुणाला उघडू दिला नव्हता. हे मी बोलले नाही. पण त्या म्हणाल्याच, "आईनं मेतकूट केलं असेल ना?"

गावात एका लिलावघरात ठरावीक दिवशी लोकांच्या वस्तू फुकट पाहून देतात. तिथे दोघी गेलो. मी फुलदाणी मांडीवर धरून बसमध्ये बसले होते, दोन टॉवेलांत गुंडाळून, अजून ती खरीच असल्यासारखी. तिथल्या बाईंनी ती उचलली, अंगठा फिरवला, आणि पुरतं एक मिनिटही लागलं नाही. बोलणं फ्रेंचमध्ये झालं, मला कळायचं कारण नव्हतं. पण 'टिप' कळलं. दहा वर्षांनी विक्रेत्याला शोधणार कुठे? पावती होती ती हातानं लिहिलेली, तिच्यावर नुसतं 'जुनी फुलदाणी'. गालेचं नावही नव्हतं. मैत्रिणींनो, इथे किंवा कुठेही, महागाची वस्तू घेताना जे तोंडानं सांगतात ते कागदावर लिहून घ्या. लिहून द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका.

वन्संनी एक मात्र केलं. परत आल्यावर बाकीचे अठ्ठावीस नग एक एक करून डाव्या हातानं तपासले. मी धरायची, त्या बोट फिरवायच्या. संध्याकाळ त्यातच गेली. दोमचा छोटा वाडगा, लग्राच्या दोन्ही फुलदाण्या, दुसरी एक लहानशी गाले, सगळं ठीक निघालं. त्या लहान गालेच्या पानांवर तर चार पायऱ्या मोजता आल्या.

रात्री जेवताना भावोजींना सांगितलं. तिकिटाचंही सांगितलं. मी ताटात पाहत होते. भावोजी काही वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हिच्यात आता पाणी घातलं तर चालेल?"

"चालेल," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून पिओनीची गुलाबी फुलं घेऊन आले, चांगली दोन जुड्या. वन्संनी जांभळी फुलदाणी ओट्यावर ठेवली, नळ सोडला, आणि सवयीनं आधी पाण्याखाली बोट धरून पाहिलं, फार गरम नाही ना म्हणून.